गाडीत ‘रेसिंग कॅम’ टाकायचाय? आधी हे समजून घ्या



“इंजिनाचं काम केलंस ते ठीक, पण ब्रेकला कशाला हात लावलास?”

बाबांनी हे विचारलं तेव्हा आमची जुनी मारुती एस्टीम नवले पुलाच्या उतारावर, पुढच्या रिक्षापासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबली होती. बाबांनी तिसऱ्यांदा ब्रेक दाबला आणि पॅडल दगडासारखं कडक लागलं. खरं सांगतो, मी ब्रेकला हातही लावला नव्हता. मी फक्त कॅमशाफ्ट बदलला होता, आणि तो चुकीचा निवडला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. रील्समध्ये ऐकलेला तो ‘धड-धड-धड’ आयडलिंगचा आवाज मला हवा होता. गॅरेजमधले काका म्हणाले होते, “दादा, रोजच्या गाडीला एवढा मोठा कॅम नको.” मी ऐकलं नाही. बोनसचे पैसे गेले, पण त्यातून जे शिकलो ते आज सोप्या भाषेत सांगतो.

कॅमशाफ्ट नक्की करतो काय?

इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅमशाफ्ट ठरवतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. म्हणजे हा इंजिनाचा शेड्युलरच, फक्त कोड लोखंडात कोरलेला. चुकला तर अपडेट नाही, पार्टच बदलावा लागतो.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. तो क्रँकच्या २४० अंशांपर्यंत उघडा राहत असेल, तर हवा आत यायला मिळतात फक्त ६.७ मिलिसेकंद. तुमच्या फोनची स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे अर्ध्या फ्रेमपेक्षाही कमी वेळ! तोच व्हॉल्व्ह १५०० आरपीएमला जवळपास २७ मिलिसेकंद उघडा असतो.

कॅमची सगळी गंमत या फरकात आहे. वरच्या आरपीएमला वेळ पुरत नाही, म्हणून रेसिंग कॅम व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवतो. पिस्टन वर यायला लागला तरी वेगात आलेली हवा आत घुसतच राहते. पण खालच्या आरपीएमला हवेला तेवढा वेग नसतो. मग आत आलेलं मिश्रण पिस्टन परत बाहेर ढकलतो आणि गाडी ओढतच नाही.

कॅम कार्डवरचे तीन आकडे

१. लिफ्ट: व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. हा वाढवला तर स्प्रिंग पूर्ण दबून एकमेकांत अडकत नाही ना आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे तपासावंच लागतं. पिस्टनवर मऊ क्ले ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि ती किती दबली ते मोजतात.

२. ड्युरेशन: व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो. इथे फसगत होते. एक कंपनी व्हॉल्व्ह जरासा हलल्यापासून मोजते, दुसरी १.२७ मिलिमीटर म्हणजे ०.०५० इंच लिफ्टपासून. त्यामुळे एकाच कॅमचे दोन वेगळे आकडे दिसू शकतात. तुलना करताना मोजायची पद्धत एकच आहे ना, ते आधी बघा.

३. लोब सेपरेशन: इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन. यावरून ‘ओव्हरलॅप’ कळतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र किती वेळ उघडे असतात.

हिशोब सोपा आहे: दोन्ही लोबच्या पूर्ण ड्युरेशनची सरासरी, वजा लोब सेपरेशनची दुप्पट. माझा कॅम २८० अंशांचा, सेपरेशन १०६. म्हणजे २८० वजा २१२, ओव्हरलॅप ६८ अंश! तेच २५६ आणि ११० असतं तर फक्त ३६ आला असता.

मग ब्रेकचं काय झालं?

पेट्रोल गाडीत ब्रेक हलका लागतो कारण बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. ओव्हरलॅप जास्त असला की आयडलला जळालेला वायू उलट इनटेकमध्ये येतो आणि व्हॅक्यूम पडतो. उतारावरच्या गर्दीत इंजिन आयडलवर आणि ब्रेक पुन्हा पुन्हा. बूस्टरमधला साठा दोनदा दाबण्यात संपला, तिसऱ्यांदा सगळा जोर बाबांच्या पायाचा.

आणि तो ‘धड-धड’ आवाज? तोही याच ओव्हरलॅपमुळे येतो. मला ताकदीचा आवाज वाटला होता, प्रत्यक्षात ते आयडलला नीट न जळणारं इंजिन होतं. म्हणून पीयूसीलाही गाडी नापास झाली, कारण न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर जात होतं.

तुम्ही कोणत्या आरपीएमला राहता?

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. नंतर फोन डॅशबोर्डवर स्टँडला लावून तासाभराचा टॅकोमीटरचा व्हिडिओ काढला. सुई जवळजवळ सगळा वेळ १२०० ते ३००० मध्ये होती. ४००० च्या वर दोनदाच गेली. माझा कॅम जिथे कामाला लागत होता, तिथे मी जातच नव्हतो!

लक्षात ठेवा, कॅम टॉर्क फारसा वाढवत नाही, तो टॉर्क वरच्या आरपीएमकडे सरकवतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, म्हणून कागदावर हॉर्सपॉवर वाढलेली दिसते. सिग्नलवरून निघताना मात्र गाडी मरगळते.

कंपन्यांनी यावर उपाय शोधलाय. १९८९ मध्ये होंडाने इंटिग्रात व्हीटेक आणलं. खालच्या आरपीएमला सौम्य लोब, वर गेलं की मोठा लोब. १.६ लिटरमधून १६० हॉर्सपॉवर, आणि आयडलही शांत. साधं व्हीव्हीटी मात्र लोबचा आकार बदलत नाही, फक्त वेळ मागे-पुढे करतं.

निवडण्याआधी एवढं करा

- स्वतःच्या गाडीचा आरपीएम आठवडाभर नोंदवा.
- रोजच्या वापराला कमी ओव्हरलॅपचा, सौम्य कॅम बघा. दोन कॅममध्ये अडलात तर लहान घ्या.
- स्प्रिंग, ईसीयू ट्यूनिंग आणि एक्झॉस्टचा खर्च आधीच धरा. कॅम एकटा येत नाही.
- बसवल्यावर आयडलचा व्हॅक्यूम गेजने मोजा आणि मोकळ्या जागेत ब्रेक तपासा.
- कायदा विसरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाण्याच्या विरोधात आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीशी आधी बोला.

मी शेवटी मूळ कॅम परत बसवला. काकांनी मजुरी घेतली, टोमणा मात्र मारला नाही. पुढच्या रविवारी बाबांनी तोच उतार उतरताना तीनदा ब्रेक दाबून बघितला, आणि काही न बोलता रेडिओ लावला.