पुणे ते नागपूर, व्हाया दिल्ली

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. विमान कंपनीचं ‘स्टेटस’ मिळालं की लाउंज फुकट, जादा बॅग आणि रांगेत पहिला नंबर. पण त्याच्या मागे धावायचं का? आणि धावायचं तर कुणाच्या पैशानं?

एअरपोर्टवरचा सीन आठवा. बोर्डिंगची अनाउन्समेंट होते आणि आपण सगळे बॅगा सावरत रांगेत उभे राहतो. तेवढ्यात शेजारच्या मोकळ्या रांगेतून एक जण शांतपणे येतो, फोन दाखवतो आणि आत जातो. विमान तेच. बऱ्याचदा सीटही आपल्यासारखीच, इकॉनॉमीची. तरी तो आधी! मनात येतंच, बॉस, हे काहीतरी भारी आहे.

त्या भारीपणाला स्टेटस म्हणतात. पॉइंट्स वेगळे, स्टेटस वेगळं. यात खूप जणांचा गोंधळ होतो. पॉइंट्स किंवा माइल्स म्हणजे गल्ल्यातली चिल्लर, साठवायची आणि तिकिटासाठी खर्च करायची. स्टेटस म्हणजे पद. वर्षभरात ठरावीक उड्डाणं केलीत किंवा ठरावीक पैसे उडवलेत की ते मिळतं. काही काळ टिकतं. मग मीटर पुन्हा शून्यावर, आणि पद राखायचं तर पुन्हा तेवढंच उडायचं.

मी या मीटरच्या मागे एक अख्खा डिसेंबर घालवलाय, म्हणून सांगते.

कॉलेज संपल्यावर पहिली नोकरी पुण्यात लागली. प्रोजेक्ट दिल्लीला. सोमवारी पहाटे जायचं, गुरुवारी रात्री परत. पहिले दोन महिने मजा, नंतर नुसती झोपमोड. पण वर्ष संपायच्या आत कंपनीच्या पैशानं माझं गोल्ड झालं. काउंटरवरची मुलगी नावानं हाक मारायला लागली. लाउंजमध्ये राजमा-चावल, कॉफी, फोन चार्जिंग. आईला व्हिडिओ कॉल करून मी ते सगळं दाखवलंसुद्धा.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रोजेक्ट संपला. गोल्ड टिकवायला ४० उड्डाणं हवी होती आणि माझी झाली होती ३६. चारच तर बाकी! डिसेंबरच्या शेवटी नागपूरला मावसबहिणीचं लग्न होतं. पुणे-नागपूर थेट विमान आहे. थेट गेले-आले तर दोन उड्डाणं होतात. पण दिल्लीमार्गे गेले आणि दिल्लीमार्गेच आले तर? बरोब्बर चार! तिकीट जाऊन-येऊन सात हजारांनी महाग पडत होतं, तेही स्वतःच्या खिशातून. मी काढलं.

डिसेंबरमध्ये उत्तर भारतात धुकं पडतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षं त्याच विमानतळावर काढली होती. पुण्याहून दिल्लीला वेळेत पोचले. नागपूरचं विमान आधी दोन तास लेट, मग चार तास, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. हळद संध्याकाळची होती. ती मी लाउंजमध्ये बसून फोनवर बघितली, समोर राजमा-चावल होताच. मावशी स्क्रीनवर येऊन म्हणाली, ‘‘अगं, पण पुण्याहून नागपूरला यायला तू दिल्लीला कशाला गेलीस?’’ काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मुहूर्त कसाबसा गाठला. आणि खरी लाज पुढेच आहे. परत येतानाही मी दिल्लीमार्गेच आले. दोन उड्डाणं बाकी होती ना!

कार्ड मिळालं. त्या वर्षी मी नोकरी बदलली आणि वर्षभरात तीनदा विमानात बसले. गोल्ड कार्ड तीनदा दाखवलं. पुढे त्या कंपनीनं नियमच बदलला. उड्डाणं मोजणं बंद, आता फक्त खर्च मोजणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

‘थोडंसंच राहिलंय’ची जादू

मी मूर्ख होते, हे एक उत्तर झालं. पण तेवढंच नाही. ही यंत्रणा आपल्याला तसं वागायला लावण्यासाठीच बांधलेली आहे.

झेवियर ड्रेझ आणि जोसेफ न्यून्स या दोन मार्केटिंग संशोधकांनी २००६ मध्ये एक मस्त प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार वॉशवर ग्राहकांना शिक्के मारायची कार्डं वाटली. निम्म्या कार्डांवर आठ चौकोन, सगळे रिकामे. उरलेल्यांवर दहा चौकोन, पण दोन शिक्के आधीच मारून दिलेले. म्हणजे दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. रिकामं कार्ड मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांनी ते पूर्ण केलं. दोन शिक्के फुकट मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी! अंतर तेवढंच, फक्त ‘सुरुवात झालीये’ असं वाटलं की माणूस पळतो. आणि शेवट दिसायला लागला की आणखी जोरात पळतो. स्नॅपचॅटचा स्ट्रीक तुटू नये म्हणून रात्री बारा वाजता काळ्या स्क्रीनचा फोटो पाठवलाय ना? तेच. फरक इतकाच की इथे स्ट्रीकला हजारो रुपये लागतात.

हा खेळ तसा जुना आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान प्रवासावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांमध्ये भाड्याची मारामारी सुरू झाली. गिऱ्हाईक आज इथे, उद्या तिथे. त्याला बांधून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला ‘अ‍ॅडव्हान्टेज’ हा कार्यक्रम आणला. उडालेले मैल मोजायचे, त्या बदल्यात बक्षीस. बाकीच्यांनी लगोलग नक्कल केली.

तेव्हापासून या नियमांतल्या फटी शोधणारेही आहेत. त्यातला सगळ्यात भारी किस्सा डेव्हिड फिलिप्स या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरचा. १९९९ मध्ये ‘हेल्दी चॉइस’ या खाद्यपदार्थांच्या ब्रँडची ऑफर होती, पाकिटावरचे कोड पाठवा आणि माइल्स मिळवा. यानं हिशेब केला की सगळ्यात स्वस्त पडतो तो पुडिंगचा कप, २५ सेंटला एक. पठ्ठ्यानं १२,१५० कप घेतले! एवढ्या कपांची लेबलं काढणार कोण? ‘साल्व्हेशन आर्मी’ या संस्थेला पुडिंग दान केलं आणि लेबलं तेवढी त्यांच्याकडून काढून घेतली. सुमारे ३,१४० डॉलरमध्ये साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स, आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यामुळे अमेरिकन एअरलाइन्सचं आयुष्यभराचं गोल्ड स्टेटस. ‘पंच-ड्रंक लव्ह’ या २००२ च्या सिनेमातला पुडिंग जमवणारा हिरो यावरूनच सुचलेला.

असं काही वाचलं की वाटतं, आपणही करू. पण आता त्या फटी बुजत चालल्यात, आणि त्या बुजवणाऱ्याच्याच हातात नियमांची वही आहे.

नियमांची वही त्यांच्याकडे

पूर्वी किती मैल उडलात ते मोजायचे, म्हणून लांबचं स्वस्त तिकीट काढून नुसतं जाऊन यायचं आणि स्टेटस मिळवायचं असा उद्योग चालायचा. त्याला ‘माइलेज रन’ म्हणतात. आता बऱ्याच मोठ्या कंपन्या मैल सोडून पैसे मोजायला लागल्यात. ब्रिटिश एअरवेजचं उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२५ पासून तिथे एका पाउंडाच्या खर्चाला एक टियर पॉइंट, आणि गोल्डसाठी २०,००० पॉइंट. बोनसचे काही आडमार्ग आहेत, पण सरळ हिशेबानं ही रक्कम वर्षाला वीस लाख रुपयांच्या वर जाते. तुमची-माझी तर फीसुद्धा एवढी नव्हती! अमेरिकेतल्या डेल्टानं २०२३ मध्ये असेच नियम कडक केले, तेव्हा प्रवासी इतके भडकले की कंपनीला थोडं मागे यावं लागलं. थोडंच.

कंपन्या या कार्यक्रमांना इतक्या जपतात, कारण खरा गल्ला तिथेच आहे. बँका क्रेडिट कार्डांवर वाटायला विमान कंपन्यांकडून माइल्स घाऊक भावात विकत घेतात. २०२० मध्ये कोरोनानं विमानं जमिनीवर आली तेव्हा युनायटेड एअरलाइन्सनं आपला ‘माइलेजप्लस’ कार्यक्रम तारण ठेवून कर्ज उभं केलं. त्या कार्यक्रमाची किंमत कंपनीनं लावली सुमारे २१.९ अब्ज डॉलर. शेअर बाजारात तेव्हा अख्ख्या युनायटेडची किंमत याहून बरीच कमी होती. म्हणजे विमानांपेक्षा पॉइंट्स महाग!

आपल्याकडे तर कंपनीच गायब होण्याची भीती. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटचा पॉइंट्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून तो नाव बदलून तगला. पण जेटचं प्लॅटिनम कार्ड? ते दाखवायचं कुठल्या काउंटरवर? नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा निदान सदस्यांचे पॉइंट्स आणि स्टेटस एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये गेले. आणि गंमत म्हणजे देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी इंडिगो. तिनं २००६ पासून २०२४ पर्यंत असा स्वतःचा कार्यक्रम ठेवलाच नव्हता. लोक तरी तिच्याच विमानांत बसत होते, भाडं आणि वेळ बघून. तुम्ही-आम्ही तिकीट तसंच काढतो की!

पर्यावरणाचा मुद्दाही आहेच. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी इम्पिरियल कॉलेजच्या रिचर्ड कारमायकल यांनी २०१९ मध्ये केलेल्या अहवालात एअर माइल्सच्या योजनांवर बंदी सुचवली होती, कारण त्यापायी लोक गरज नसताना उडतात. मी तो अहवाल वाचला तेव्हा मला माझं दिल्ली-नागपूर आठवलं.

मग काहीच करायचं नाही?

असंही नाही. सदस्य होणं फुकट आहे, ते करा. विशेषतः एमएसला बाहेर चालला असाल तर तिकीट काढण्याआधीच. मुंबई ते अमेरिका या एका प्रवासाचे पॉइंट्स चांगले जमतात, आणि नंबर टाकायला विसरल्यामुळे निम्मी मुलं ते सोडून देतात असा माझा अंदाज आहे. बोर्डिंग पास जपून ठेवा, राहिलेले पॉइंट्स नंतर मागता येतात. खात्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, ते एकीकडे आलं आणि दुसरीकडे नाही आलं की पॉइंट्स अडकू शकतात. दर वेळी नव्या कंपनीत खातं उघडू नका. एअर इंडिया, लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स या सगळ्या ‘स्टार अलायन्स’ या एकाच गटात आहेत, त्यांतल्या एकीच्या खात्यात बाकीच्यांच्या प्रवासाचे पॉइंट्सही साधारणपणे जमा करता येतात. अगदी स्वस्तातल्या काही तिकिटांवर मात्र काहीच मिळत नाही. आणि पॉइंट्सना बऱ्याचदा मुदत असते, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

पण स्टेटस? दोन वर्षांतून एकदा घरी येणाऱ्या मुलाला ते मिळणारच नाही, कारण मीटर मधल्या मधे शून्यावर जातो. आणि त्यातल्या ज्या गोष्टी तुम्हाला खरंच हव्यात त्या दुसरीकडे स्वस्तात मिळतात. जादा बॅग हवी? एअर इंडिया, इंडिगोसह अनेक कंपन्यांचं विद्यार्थ्यांसाठी वेगळं भाडं असतं, त्यात बऱ्याचदा जादा वजन मिळतं. कॉलेजचं आयडी जवळ ठेवा. लाउंज हवाय? घरातल्या कुणाच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर तो असू शकतो. हल्ली बऱ्याच बँका आधीच्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च हवा म्हणतात, तेवढं आधी बघा. आणि रांगेत पहिला नंबर? विमान सगळ्यांना घेऊनच उडतं. मला विचाराल तर शेवटी चढावं, तेवढा वेळ पाय मोकळे राहतात.

उद्या नोकरीत सोमवारची पहाटेची फ्लाइट नशिबी आली तर स्टेटस आपोआप येईल. आयजीच्या जिवावर बायजी उदार! तेव्हा लाउंजमध्ये बिनधास्त जेवा. फक्त डिसेंबरमध्ये अ‍ॅपवर ‘आणखी चारच उड्डाणं’ असा मेसेज आला की फोन उलटा ठेवा.

मावसबहिणीला आता मुलगी झालीये. बारशाला मी नागपूरला गेले ते थेट विमानानं, चहा पिऊन पेपर वाचेपर्यंत पोचलेसुद्धा. दारातच तिनं विचारलं, ‘‘थेट आलीस नं बाप्पा, का दिल्लीवरून?’’