फाइल फुटली, बिटकॉइन शाबूत!

वॉलेटची फाइल उघडेनाशी झाली की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आधी दिलासा: बिटकॉइन त्या फाइलीत नसतातच! ते असतात ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या हजारो कम्प्युटरांवर एकसारख्या ठेवलेल्या हिशेबवहीत. फाइलीत असते ती खर्चाची गुप्त किल्ली, आणि किल्ली म्हणजे एक भलामोठा आकडा. साठवायला जागा किती? ३२ बाइट. ‘मी उद्या येतो’ एवढं मराठीत टाइप केलं तरी कम्प्युटरवर ३५ बाइट खर्ची पडतात! म्हणजे अख्ख्या फाइलीचा चुराडा झाला आणि नेमके ते ३२ बाइट वाचले, तरी पैसे परत मिळू शकतात.

ढिगाऱ्यातली खूण

बिटकॉइन कोअर या मूळ प्रोग्रामची फाइल म्हणजे ‘वॉलेट डॉट डॅट’. जुन्या वॉलेटमध्ये ती बर्कले डीबी या डेटाबेसच्या साच्यात असते. वीज गेली, डिस्कचा एखादा तुकडा खराब झाला, की डेटाबेसची रचना बिघडते आणि प्रोग्राम सगळी फाइलच नाकारतो. आतल्या नोंदी मात्र बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतात.

त्या ओळखायच्या कशा? इथे मला फार आवडणारी गंमत आहे. पासवर्ड न लावलेल्या जुन्या वॉलेटमध्ये किल्लीच्या आधी ठरलेले बाइट येतात: ३० ८२ ०१ १३ ०२ ०१ ०१ ०४ २०. शेवटचे २० हे सोळाच्या पायातले, म्हणजे आपले ३२. जणू फाइलच सांगते, ‘पुढचे ३२ बाइट नीट वाच!’ पायवॉलेटसारखं साधन अशाच खुणा शोधत अख्खी डिस्क चाळतं. त्यामुळे चुकून डिलीट केलेली फाइलही हाती लागू शकते, कारण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्यावर फक्त नोंद पुसली जाते, मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो. एसएसडी प्रकारच्या नव्या डिस्कवर आशा कमी, ती रिकामी झालेली जागा स्वतःच साफ करते.

म्हणूनच कळकळीने सांगतो: फाइल बिघडलेली दिसली की त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. डिस्कची बाइट-न्-बाइट नक्कल काढा आणि सगळे प्रयोग नकलेवर करा. बिटकॉइन कोअरच्या जुन्या आवृत्त्यांसोबत येणाऱ्या वॉलेट-साधनात ‘सॅल्व्हेज’ नावाची आज्ञाही आहे, तीसुद्धा नकलेवरच चालवा.

४८ बाइटांची दादागिरी

पासवर्ड लावलेल्या वॉलेटची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक किल्ली एका मुख्य किल्लीने कुलूपबंद असते, आणि ती मुख्य किल्ली तुमच्या पासवर्डने. ही कुलूपबंद मुख्य किल्ली अवघ्या ४८ बाइटांची. तिची नोंद ‘एमकी’ या नावाने असते. हजार किल्ल्या सुखरूप आहेत, पासवर्ड तोंडपाठ आहे आणि एवढी एकच नोंद फुटली, तर सगळं व्यर्थ. बॅकअप काढायचा तो याचसाठी.

उलटी गंमतही घडली आहे. पासवर्डची सोय आली २०११च्या सप्टेंबरमध्ये. त्या पहिल्या आवृत्तीत दोष होता: कुलूप लावल्यावरही जुन्या उघड्या किल्ल्या फाइलीच्या कोपऱ्यात उरू शकत. दोष लवकरच दुरुस्त झाला, पण त्या काळातला पासवर्ड विसरलेल्याला हाच दोष तारू शकतो.

८,९९९ बिटकॉइन कुठे गेले?

ऑगस्ट २०१०. ‘स्टोन मॅन’ या टोपणनावाच्या एकाने सुमारे ९,००० बिटकॉइन घेतले. वॉलेटचा बॅकअप काढला. मग चाचणी म्हणून स्वतःलाच १ बिटकॉइन पाठवला. बिटकॉइनमध्ये रक्कम मोडली की उरलेली मोड वॉलेटच एका नव्या पत्त्यावर जमा करतं. त्या ८,९९९च्या पत्त्याची किल्ली बॅकअपनंतर जन्मलेली! तो कम्प्युटर सीडीवरून चालवत होता, बंद करताच ताजी फाइल गेली. बॅकअप धडधाकट होता, पण जुना. त्याच वर्षी प्रोग्रामने १०० किल्ल्या आगाऊ तयार करून ठेवण्याची सोय आणली.

पुढच्या वर्षी पोलंडच्या बिटोमॅट या एक्स्चेंजने भाड्याचा सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि सुमारे १७,००० बिटकॉइनची वॉलेट फाइल गमावली. टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४मध्ये बुडालं, तेव्हा मात्र एका जुन्या वॉलेटमध्ये जवळजवळ २,००,००० बिटकॉइन सापडले!

घड्याळाने फोडलेलं कुलूप

युरोपातल्या एका गृहस्थाकडे ४३.६ बिटकॉइन होते. २०१३मध्ये त्यांनी रोबोफॉर्म या प्रोग्रामकडून २० अक्षरी पासवर्ड बनवून घेतला आणि एका कूटबद्ध फाइलीत ठेवला. ती फाइलच बिघडली. वॉलेट ठणठणीत, पासवर्ड गायब.

अमेरिकेतले हार्डवेअर-जाणकार जो ग्रँड आणि त्यांचे जर्मनीतले साथीदार ब्रुनो यांनी रोबोफॉर्मची जुनी आवृत्तीच उलगडली. तिचे पासवर्ड यादृच्छिक नव्हते, ते कम्प्युटरच्या तारीख-वेळेवर ठरत! मग त्यांनी घड्याळ मागे फिरवून २०१३मधल्या क्षणांचे पासवर्ड पुन्हा बनवले. मार्च-एप्रिल झाले, मुदत जूनपर्यंत वाढवली, काही नाही. शेवटी विशेष चिन्हं वगळली आणि सापडला: १५ मे २०१३, ग्रीनिच वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटं ४० सेकंद. जे काही हजार डॉलरचं होतं, ते तोवर लाखांत गेलं होतं. अशी चिकाटी पाहून मला मनापासून आनंद होतो.

अशी कामं करणारे बरेच जण हाती लागलेल्या रकमेच्या २० टक्क्यांच्या आसपास घेतात. आधी पैसे मागणाऱ्याला किंवा निरोप पाठवून तुमची गुप्त किल्ली विचारणाऱ्याला दारातही उभं करू नका.

शब्द पुसले तरी

आजची वॉलेट फाइलीऐवजी १२ किंवा २४ गुप्त शब्दांवर भर देतात, त्यांतूनच सगळ्या किल्ल्या पुन्हा बनतात. शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. इंग्रजी यादीत पहिली चार अक्षरं कळली की शब्द पक्का, म्हणजे कागदाची कड वाळवीने खाल्ली तरी चालेल. जपानी, कोरियन, चेक याद्या आहेत, मराठी काय, एकाही भारतीय भाषेची नाही.

२४पैकी एक शब्द पुसला गेला आणि त्याची जागा माहीत असेल, तर शब्दांतच गुंफलेली पडताळणी २,०४८ पर्यायांतून सरासरी आठच उरवते. १२ शब्द आहेत पण क्रम विसरलात? मांडण्या होतात ४७,९०,०१,६००. घरच्या कम्प्युटरला जमण्याजोगं काम! २४ शब्दांचा क्रम विसरलात, तर मात्र मांडण्यांची संख्याच २४ अंकी होते. तिथे आज कुठलाही कम्प्युटर पुरा पडत नाही.