न आलेल्या खेळाचे भय

भयकथेचा वाचक पुस्तक मिटू शकतो. व्हिडिओ खेळात मात्र पुढचे पाऊल त्याने स्वतःच टाकावयाचे असते. त्यातून सारे खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी दिसत असले, तर पाठीमागे काय आहे हे वळल्यावाचून कळत नाही, आणि वळवत तर नाही!

१२ ऑगस्ट २०१४ रोजी प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी ‘पी. टी.’ नावाचा चिमुकला खेळ विनामूल्य मिळू लागला. निर्मात्याचे नावही बनावट. घरातली काटकोनात वळणारी एक अरुंद वाट, शेवटी दार. ते उघडावे तो पुन्हा तीच वाट. मात्र दर खेपेस काहीतरी बदललेले. तेथे रेडिओही आहे, आणि त्यावर बातमी एका कुटुंबाच्या हत्येची. भुतापेक्षा ही ओळखीची वाटच अधिक भिववते.

कोडे उलगडणाऱ्यांना शेवटी कळले, की हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांच्या ‘सायलेंट हिल्स’ या आगामी खेळाची ही केवळ चुणूक होती. जगभर उत्कंठा लागली. परंतु एप्रिल २०१५ मध्ये कोनामी कंपनीने तो बेतच रद्द केला, चुणूकही विक्रीस्थळावरून काढून घेतली. ज्यांनी ती यंत्रातून पुसली नव्हती, त्यांच्याकडेच ती वाट राहिली.