राज्याचा वाटा कुठे जातो?

दौंडच्या कालव्याखालच्या खारवट रानात ‘दोनशे पासष्ट’ तग धरतो, हे तिथल्या ऊसवाल्यांना नव्याने सांगायला नको. कोएम 0265, म्हणजे फुले 265, हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून 2007 साली प्रसारित झाला. उतारा कमी पडतो म्हणून कारखाने सुरुवातीला त्याची नोंद घ्यायला नाखूश होते. शेतकऱ्यांनी तो तरीही लावला. अशा संशोधनाला पैसा कोण देतं, असं विचारलं तर हमखास उत्तर येतं: ‘केंद्र देतं, राज्य फक्त फोटोला.’

तसं नाही. पाडेगाव हे अखिल भारतीय समन्वित ऊस संशोधन प्रकल्पाचं एक केंद्र आहे. अशा प्रकल्पात राज्य कृषी विद्यापीठातल्या केंद्राच्या मंजूर खर्चापैकी 75 टक्के भारतीय कृषी संशोधन परिषद देते आणि 25 टक्के राज्य सरकार. हा हिशेब मंजूर खर्चापुरताच असतो. विद्यापीठाची जमीन, इमारती, प्रकल्पाबाहेरचा कर्मचारीवर्ग यांचा भार मुख्यतः राज्याच्या अनुदानावर पडतो. पाडेगावचं केंद्र 1932 पासूनचं. तिथं एवढ्या वर्षांत जे उभं राहिलं, ते त्या 25 टक्क्यांत मोजलेलं नाही.

आता याच्या उलट समज. आसपासच्या सगळ्याच संशोधन संस्थांना राज्य पैसे घालतं, असंही लोक धरून चालतात. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, बारामतीजवळ माळेगाव खुर्दची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था या परिषदेच्या स्वतःच्या संस्था आहेत. शिरूर तालुक्यातल्या कांद्याला राजगुरुनगरचा उपयोग होतो, पण तिथल्या नेहमीच्या खर्चात राज्याच्या हिश्शाचा प्रश्नच येत नाही. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांचा मंजूर खर्चही पूर्णपणे परिषदच देते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची गोष्ट आणखी वेगळी: तिला साखर कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे वर्गणी देतात. म्हणजे ही आणि द्राक्षाची, दोन्ही संस्था मांजरीतल्याच, पण दोघींचे खिसे वेगळे.

सर्वांत चिवट गैरसमज हा की, ज्या तालुक्याची अडचण मोठी, त्याच्या संशोधनाला राज्य आधी पैसा देतं. प्रत्यक्षात रांग वेगळी लागते. पगार, निवृत्तिवेतन आणि आधीच हाती घेतलेल्या कामांची देणी पहिली, कारण ती टाळता येत नाहीत. त्यानंतर केंद्राचा हिस्सा असलेल्या योजना. राष्ट्रीय कृषी विकास योजना 2007-08 मध्ये सुरू झाली तेव्हा सगळा पैसा केंद्राचा होता. 2015-16 पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी प्रमाण 60:40 झालं. राज्यानं 40 रुपये घातले नाहीत तर केंद्राचे 60 अडकतात. मग वित्त विभाग आधी कुठे हात सैल सोडेल, हे सांगायला नको. पूर्ण खर्च राज्यानेच करायचा असे विषय मागे राहतात, मग ते शिरूरच्या शेतकऱ्याला कितीही निकडीचे वाटोत. माझ्या मते या पद्धतीतला खरा दोष हाच आहे. मंत्रालयातल्या कोणाच्या मनात शिरूर किंवा दौंडविषयी अढी असायची गरज नाही. बेरीजच तशी बसते.

‘आमदारांनी जोर लावला की प्रकल्प होतो’ हे अर्धसत्य. त्यांचा जोर विषय टेबलावर आणतो. पण राष्ट्रीय कृषी विकास योजनेतल्या प्रकल्पाला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यस्तरीय मंजुरी समितीतून जावं लागतं, आणि विद्यापीठांचे संशोधन प्रस्ताव त्याआधी त्यांच्या तांत्रिक बैठकांत तपासले जातात.

आणि मंजुरी म्हणजे पैसा नव्हे! वर्तमानपत्रात ‘इतक्या कोटींना मान्यता’ असं छापून येतं, ते बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यतेविषयी असतं. त्या मान्यतेमागे अर्थसंकल्पात, नाहीतर पुरवणी मागण्यांत तरतूद हवी, मग निधी वितरणाचा वेगळा शासन निर्णय, मग कोषागार. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी 2021 च्या नियमांनी राज्याला मुदतही घातली: केंद्राचा हप्ता सुटल्यापासून 40 दिवसांत राज्याचा हिस्सा योजनेच्या एकाच खात्यात जमा व्हायला हवा होता. तो रखडला की पुढचा हप्ताही रखडतो. उसाच्या प्रयोगाला हे झेपत नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते. पैसा मार्चअखेरीस आला तर लागणीचा हंगाम उलटून गेलेला असतो, आणि आलेला पैसा मात्र 31 मार्चपूर्वी खर्ची दाखवायचा असतो.

उरला जिल्हा नियोजन समितीचा मार्ग. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीकडे नाविन्यपूर्ण योजनांसाठी थोडा निधी असतो. त्यातून एखादं प्रात्यक्षिक किंवा एखादं यंत्र होऊ शकतं. नवा वाण काढायला लागणारी दहा-बारा वर्षं त्या वार्षिक निधीतून चालवता येत नाहीत. तेव्हा शिरूर-दौंडच्या शेतकरी गटांनी निवेदन द्यायचंच असेल तर त्यात ‘प्रकल्प मंजूर करा’ एवढंच लिहून भागणार नाही. राज्याच्या हिश्शाची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली केली आणि त्यातली किती वितरित झाली, हेही विचारावं.