घुबडाचं मांजर आणि दादांची अढी

बीडहून सोलापूरच्या दिशेनं निघालात की घाट चढून मांजरसुंबा येतं. मोठा फाटा आहे हा. एक रस्ता चौसाळ्यावरून सोलापूरला, एक केजवरून अंबाजोगाईला, एक पाटोद्याकडे. जवळच कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी, त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेला इथे यात्रेकरूंची रीघ लागते. या मांजरसुंब्यातल्या मुलांसाठी आज एक खेळ आणलाय. बाकीच्या गावांनीही खेळायला काहीच हरकत नाही!

शाळेच्या मैदानावर दहा जण एकामागे एक उभे राहा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. शेवटच्या मुलीनं आपल्या पुढच्याच्या खांद्यावर टिचकी मारायची, तो वळला की त्याला लेझमीचे आठ हात करून दाखवायचे. एकदाच, आणि तोंडातून शब्द न काढता. मग त्यानं त्याच्या पुढच्याला दाखवायचं, त्यानं त्याच्या पुढच्याला. सुरुवात करणाऱ्या मुलीचे हात आणि सगळ्यात पुढे उभ्या असलेल्याचे हात मोबाइलवर टिपून ठेवा आणि नंतर दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा.

बहुतेक वेळा काय होतं सांगू? सुरुवातीचा हात टिकतो, शेवटचाही बराचसा टिकतो, मधलेच कुठेतरी गळतात. आणि एखादा हात अगदीच वेगळा, कुणाच्या ओळखीचा नसलेला असेल, तर तो तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत जाता जाता ओळखीच्या हातासारखा होऊन बसतो. कुणी मुद्दाम बदललेला नसतो!

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी असाच खेळ चित्रांचा केला होता. प्राचीन इजिप्तच्या लिपीतलं एक घुबडाचं चिन्ह त्यांनी एकाला दाखवलं आणि नंतर आठवणीनं काढायला सांगितलं. त्यानं काढलेलं चित्र दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. चित्र पुढे सरकत गेलं आणि घुबडाचं चक्क मांजर झालं! पाठमोरं बसलेलं, शेपटीवालं मांजर. १९३२ साली निघालेल्या बार्टलेट यांच्या पुस्तकात ही सगळी चित्रं ओळीनं छापलेली आहेत. आपला मेंदू फोटो काढून ठेवत नाही. तो आठवताना दर वेळी चित्र नव्यानं जुळवतो, आणि जिथे दुवा सापडत नाही तिथे ओळखीची वस्तू बसवतो. लोकांना विचित्र रेघांच्या घुबडापेक्षा घरातलं मांजर ओळखीचं होतं.

आता विचार करा, चित्राऐवजी कसरत असेल तर? आणि दहा मुलांऐवजी गुरूंच्या आठ-दहा पिढ्या असतील तर?

कुंग-फूचे सिनेमे तुम्ही पाहिले असतील. त्यात एकटाच माणूस हवेत ठोसे, लाथा, वळसे घेत एक लांबलचक मालिका करतो. ती मालिका गुरूकडून शिष्याकडे जशीच्या तशी आली, असं प्रत्येक घराणं सांगतं. पण चीनमधल्या ताय-ची या प्रकाराचं यांग घराणं बघा. आजोबा यांग लुचान (१७९९ ते १८७२) लढवय्ये म्हणून गाजले. नातू यांग चेंगफू (१८८३ ते १९३६) यांनी तीच विद्या संथ, सलग, मोठ्या हालचालींची केली, म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांनाही ती जमेल. मग १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्यानं त्यातून २४ हालचालींची छोटी मालिका बांधली, पाच-सहा मिनिटांत संपणारी. आज जगभरच्या बागांमध्ये सकाळी बहुतेक तीच दिसते. दीडशे वर्षांत एवढा फरक.

आपल्याकडेही अशी एक विद्या आहे. मल्लखांब!

त्याची गोष्ट दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातली. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले. (बीडचा आपला मुलूखही पुढे १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता.) आमच्याशी कुस्ती खेळायला कुणी आहे का, असं त्यांनी आव्हान दिलं. दरबारात सगळे गप्प. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाचा तरुण पुढे झाला. त्यानं तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन उपासना केली. तिथे त्याला खांबावर चढून नाना पेच करणारं वानर दिसलं. कुणी सांगतं दृष्टांत झाला, कुणी सांगतं स्वतः मारुतीनं शिकवलं, कुणी म्हणतं झाडावरची माकडं बघून सुचलं. बघा, गोष्टसुद्धा तोंडातोंडी फिरताना बदलली! दादांनी गुलाबला चीत केलं आणि अलीनं माघार घेतली, असं बहुतेक जण सांगतात.

खांबावरचा व्यायाम तसा त्याहूनही जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात त्याचा उल्लेख येतो. म्हणजे बाळंभटदादांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला म्हणायचं. त्यांच्या हाताखाली कोंडभटनाना गोडबोल्यांसारखे शिष्य तयार झाले आणि ही विद्या काशीपर्यंत गेली.

या सगळ्याच्या पायाशी आहे ती अढी. सागवानी किंवा शिसवी खांब, माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारा, खाली जाड आणि वर निमुळता. वरच्या टोकाला बोंड, त्याखाली मान, मग अंग. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, नाहीतर घर्षणानं कातडी सोलवटून निघेल. खेळाडू दोन्ही हातांनी खांब धरतो, उडी मारतो, कंबर वर फेकतो, डोकं खाली जातं आणि मांड्यांची कात्री खांबाभोवती आवळली जाते. ही अढी. मग हात सोडून द्यायचे! उलटं लटकलेलं सगळं अंग फक्त मांड्यांच्या आवळण्यावर तोललेलं. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला पायांनी जखडायचं असतं, त्याचीच ही तालीम. खांब हा न थकणारा, न चिडणारा जोडीदार.

ही अढी बाळंभटदादांनी जशी मारली तशीच आज मारतात का? विचार करा. दादा उंच होते की ठेंगणे, त्यांच्या मांड्या केवढ्या होत्या, यावर खांब नेमका कुठे आवळला जाणार हे ठरतं. समजा एखाद्या गुरुजींचा डावा गुडघा दुखावलेला. ते डावा पाय किंचित वाकडा घालतात. समोरच्या शिष्याला काय कळणार की हा दुखण्याचा भाग आहे आणि हा अढीचा? तो दोन्ही उचलतो. आणि गुरुजींना विचारून तरी किती कळेल? जी हालचाल अंगवळणी पडली, ती कशी होते हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. सायकलवर तोल कसा सांभाळता हे सांगून बघा बरं!

त्यात उजव्या-डाव्याची गंमत. लेझमीच्या वेळी सर तुमच्याकडे तोंड करून उभे असतात. सरांनी उजवा पाय पुढे टाकला की आरशासारखं बघणारी मुलं डावा टाकतात. म्हणून काही सर मुद्दाम उलटं करून दाखवतात, काही पाठ करून उभे राहतात. पण असं न करणाऱ्या सरांकडे शिकलेला मुलगा पुढे शिक्षक झाला आणि पाठ करून शिकवू लागला, तर अख्ख्या गावाची लेझीम डावखुरी होऊन बसते.

मग सगळंच का नाही बदलून जात? कारण माणसाची पोरं फार इमानदार नक्कल करतात. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका पेटीत बक्षीस ठेवलं. आधी वरच्या भोकात काठी खुपसायची, मग पुढच्या दारातून बक्षीस काढायचं, असं करून दाखवलं. पेटी काळी होती तेव्हा चिंपांझींनीही दोन्ही गोष्टी केल्या. पेटी पारदर्शक केल्यावर काठी वरून खुपसण्याचा बक्षिसाशी काही संबंध नाही हे आरपार दिसत होतं. चिंपांझींनी ती पायरी गाळली आणि थेट खाऊ काढला. तीन-चार वर्षांची मुलं मात्र वरूनही काठी खुपसत राहिली! मुलं मठ्ठ आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. "मोठ्यांनी केलं म्हणजे काहीतरी कारण असणार" हा विश्वास माणसाकडे आहे, आणि मला तर वाटतं की याच विश्वासामुळे दोनशे वर्षांपूर्वीची अढी आज आपल्यापर्यंत पोचली. कारण न समजलेल्या गोष्टीही आपण पुढे नेतो, आणि कधीतरी एखाद्या हुशार शिष्याला त्यांचं कारण सापडतं.

काही बदल मात्र नकलेमुळे झालेच नाहीत. ते सामानामुळे झाले. दोरीचा मल्लखांब तुम्ही पाहिला असेल. वरून सोडलेली सुती दोरी, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडून सरसर चढणाऱ्या मुली, आणि कुठेही गाठ न मारता दोरीच्या वेढ्यांवर बांधलेली आसनं. पूर्वी त्या जागी लांब वेत असायचा. तसे चांगले वेत मिळेनासे झाले आणि गुरूंनी दोरी टांगली. आता गंमत बघा. वेत गुळगुळीत आणि दोरीहून ताठ, तो अंगाभोवती हवा तसा गुंडाळला जात नाही. दोरी मऊ. ती मांडीला, कंबरेला वेढा घेते आणि वजन पडलं की आणखी आवळते. त्यामुळे वेतावर जमली नसती अशी आसनं दोरीवर जन्माला आली. वेताच्या लवचीकपणावर अवलंबून असलेलं कौशल्य मात्र मागे पडलं. मला त्याची चुटपुट लागते. लांब वेतावरची कसरत डोळ्यांनी बघायला मिळायला हवी होती.

आणि स्पर्धा! आखाड्यात खेळाडू दमेपर्यंत खेळायचा. १९६२ मध्ये ग्वाल्हेरला जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत मल्लखांब आला आणि घड्याळ सुरू झालं. ठरावीक सेकंदांत संच बसवायचा, अवघडपणाला गुण, पाय सरळ नसला की गुण कापले. २०१९ मध्ये तर मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. पंचांना दुरून दिसेल अशा, ताणलेल्या, डौलदार हालचालींना भाव आला. कुस्तीत उपयोगी पडणारी घट्ट, आखूड पकड दुरून कुणाच्या लक्षात येणार? डावाचा हेतू बदलला की डावही बदलतो.

मग मूळ अढी शोधायची कशी? एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अनेक पोथ्या गोळा करून, पाठभेद ताडून शुद्ध प्रत तयार केली. इथेही तसंच करता येतं. काशीचा आखाडा आणि महाराष्ट्रातली व्यायामशाळा, दोघांचा गुरू वर कुठेतरी एकच. दोन्हीकडे जी गोष्ट सारखी, ती बहुधा जुनी. जी एकीकडेच, ती बहुधा नंतरची. यात एक अडचण आहे. स्पर्धा सुरू झाल्यापासून सगळे एकमेकांचे डाव बघून उचलतात, त्यामुळे सारखेपणा जुनाच असेल असं नाही. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला, तो अशा वेळी कामाला येतो. पण त्यातल्या चित्रात पाय कुठे आहे ते दिसतं. तिथे तो कसा पोचला, हे दोन चित्रांच्या मधल्या जागेत राहून जातं.

तुम्हालाही हे काम करता येईल, लेझमीवर. लेझीम पूर्वी धनुष्यासारख्या दांडक्याला लोखंडी साखळी लावून, ताकद कमावण्यासाठी करायचे. आजची लेझीम त्या मानानं केवढी हलकी! घरातल्या आजोबांना विचारा, त्यांच्या वेळची किती जड होती, कोणते हात करायचे, कुणी शिकवले. मग चौसाळ्याच्या किंवा केजच्या एखाद्या आजोबांनाही तेच विचारा आणि दोघांचे हात ताडून बघा. मोबाइलवर टिपताना एकदा समोरून आणि एकदा मागून टिपा, नाहीतर तुमचं बघून शिकणाऱ्यांचा पुन्हा उजव्या-डाव्याचा घोळ होईल.