गुरगुरणे दाबू नका

चावऱ्या कुत्र्याला आधी धाक बसवा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच घात करतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. मारणाऱ्या वा लाथ घालणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांनी, तर कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांनी, तो उलट अंगावर आल्याचे सांगितले. यात नवल नाही. कुत्री पुष्कळदा भीतीपोटी चावतात, आणि माणूस पुढच्या क्षणी काय करील याचा अंदाज येईनासा झाला की भीती वाढतेच. म्हणून जेवण, फिरणे ठरल्या वेळी असावे आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच असावा. परका माणूस दिसूनही कुत्रा शांत राहील इतक्या अंतरावर, पट्टा सैल धरून थांबावे. माणूस दिसताच चिकनचा तुकडा द्यावा. अंतर कमी करायचे ते दिवसांत नव्हे, आठवड्यांत.

हे लाड झाले, एक फटका दिला की गप्प बसतो, असे कोणी म्हणेल. गप्प बसतो खरा. पण भीती तशीच राहते, जाते ती फक्त पूर्वसूचना, आणि न गुरगुरता चावणारा कुत्रा कितीतरी अधिक धोक्याचा. सौम्य वागणे म्हणजे मोकळे सोडणेही नव्हे. बाहेर मुसके हवेच, त्याची सवय घरीच खाऊ देऊन लावावी. अचानक चावू लागलेल्याचे दात, कान, सांधे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत. काही कुत्री लहान मुलांजवळ कधीच भरवशाची होत नाहीत. त्यांना मुलांपासून कायम वेगळे ठेवावे.