गाजर म्हणजे सशाचा पेढा

पिंपरी-चिंचवडच्या फ्लॅटमधला ससा बहुधा गाजरावर वाढतो. दोष चित्रांच्या पुस्तकांचा! गाजरात साखर फार. सशाचं पोट चालतं गवतावर. लहान आतडं संपतं तिथल्या मोठ्या पिशवीत जीवाणू चारा आंबवतात. त्यातून बनलेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. किळस नको, तेच त्याचं दुसरं जेवण. जन्मभर वाढणारे दातही गवत चघळूनच झिजतात. म्हणून वाळलेलं गवत सदैव समोर हवं, जोडीला थोडी कोथिंबीर. चाकणचा बाजार कांद्याचा, पण कांद्याची पात सशाला विषारी. एमआयडीसीतल्या रस्त्याकडेचं धुरकटलेलं गवतही नकोच. सशाला उलटी होत नाही, चुकीचं खाल्लेलं बाहेर टाकता येत नाही. म्हणून 12 तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा.